देवळालीचा ६१७४ आणि माझा दुसरा इंटरव्ह्यू

गणितात एमएस्सी करतेय म्हटलं की आमच्या नाशिकरोडच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, "म्हणजे पुढं शिक्षिका होणार ना?" मीही हो म्हणायचे, कारण दुसरं काय असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. शिकवणं उत्तमच. त्यासाठी कॉलेजात जायचं तर नेट किंवा सेट, शाळेत जायचं तर बीएड. पण विमा कंपन्यांना ॲक्च्युअरी, म्हणजे जोखमीचं गणित मांडणारे लोक लागतात, त्यासाठी एसेट ही प्रवेशपरीक्षा असते. बँका आणि आयटी कंपन्या डेटा ॲनालिस्ट घेतात. बीएस्सीनंतर आयआयटीत एमएस्सी करायची असेल तर जॅम आहे. हे सगळं दुसऱ्या वर्षालाच कळलं असतं तर मी स्टॅटिस्टिक्स आणि पायथॉन तेव्हाच मनावर घेतलं असतं. तुम्ही ते आत्ता घ्या.

माझा पहिला इंटरव्ह्यू पुण्यात झाला, ॲनालिस्टच्या जागेसाठी. आवडता विषय विचारला, मी रिअल ॲनालिसिस सांगितलं. लगेच प्रश्न आला, "कंटिन्युअस आहे पण युनिफॉर्मली कंटिन्युअस नाही, असं एखादं फंक्शन सांगा." मी एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या (फंक्शनच्या किमतीत एप्सिलॉनपेक्षा कमी फरक हवा, तर x मध्ये डेल्टापेक्षा कमी फरक ठेवायचा) घडाघडा म्हटली. उदाहरण मात्र सुचेना. उत्तर होतं x चा वर्ग, सगळ्या वास्तव संख्यांवर. x मोठा होत जातो तसा आलेख इतका चढा होतो की सगळीकडे पुरेल असा एकच डेल्टा सापडत नाही. परतीच्या बसमध्ये हे वाक्य सुचलं तेव्हा फार वाईट वाटलं. पेपरात या धड्यावर मला पैकीच्या पैकी गुण होते.

त्यानंतर तयारीची पद्धत बदलली. रोज एक प्रमेय घ्यायचं आणि अकरावीतल्या धाकट्या भावाला तोंडी समजावायचं. एक उदाहरण जिथे ते लागू पडतं, आणि एक जिथे अट काढली की मोडतं. तो "पण का?" म्हणाला की थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं. पहिले आठ-दहा दिवस घसा सुकायचा.

दुसऱ्या इंटरव्ह्यूत "नाशिकच्या का?" असं विचारलं, तेव्हा मी द. रा. कापरेकरांचं नाव घेतलं. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणारे मास्तर, १९४९ साली त्यांनी ६१७४ मांडला. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा; उत्तर तीन अंकी आलं तर डावीकडे शून्य धरा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो आणि तिथेच थांबतो.

"सगळ्या संख्या तपासायला किती काम पडेल?" समोरच्या बाईंनी विचारलं. मी आधी दहा हजारांच्या आसपास म्हटलं, मग फळ्यावर लिहीत गेले. उतरते अंक a, b, c, d धरले तर वजाबाकी येते ९९९(a−d) + ९०(b−c). म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं. पहिला फरक १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्याएवढा. जोड्या मोजल्या तर ५४. तपासायच्या फक्त चोपन्नच!

"दोन अंकांचं काय?" त्यांनी विचारलं. हे मला पाठ नव्हतं, पण बोलत बोलत करून पाहिलं: ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९. इथे एक संख्या ठरत नाही, चक्र फिरत राहतं. "संख्या मोजक्याच आहेत म्हणून कधीतरी पुनरावृत्ती होणारच, पण ती एकाच संख्येवर थांबेल याची खात्री नाही," असं मी म्हटलं. चुकले असते तरी चाललं असतं, कारण विचार त्यांना ऐकू येत होता. तीन अंकांचं ४९५ सांगेपर्यंत वेळ संपली.

आठ दिवसांनी ऑफर लेटर आलं. त्या दिवशी भावाला विचारलं, "पाच अंकांचं काय होतं रे?" तो वही घेऊन बसला.