खानापूरच्या रानावर गावाचा हक्क: ‘फॉर्म सी’ कसा भरायचा

वनहक्क म्हटलं की आपल्याकडे लोक आधी शेताच्या तुकड्याचं बघतात. वैयक्तिक दावा जरूर करा, पण त्यानं रान राखलं जात नाही. 2006च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(1)(आय) गावाला आपलं परंपरागत जंगल राखायचा, वाढवायचा आणि सांभाळायचा हक्क देतं. त्याचा दावा ‘फॉर्म सी’वर करतात. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, आपल्या खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यातल्या गावांनाही हा हक्क आहे. कायद्याच्या व्याख्येतच अभयारण्यं धरली आहेत. “इथं चालत नाही” असं कुणी तोंडी सांगितलं तर ते लेखी मागा.

पहिली पायरी ग्रामसभेची. निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. रोपलावणीत किंवा सुगीत सभा ठेवली की कोरम भरत नाही आणि पुढं सगळा दावाच लटकतो. सभेतच 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडा; तीतही एक तृतीयांश बायका हव्यात. गावात अनुसूचित जमातीची घरं असतील तर दोन तृतीयांश सदस्य त्यांच्यातले. बेळगाव जिल्ह्यातले सिद्दी 2020 पासून त्या यादीत आहेत. गवळी-धनगर, कुणबी, मराठा हे ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करतात.

खरी अडचण इथंच येते. या गटाला 13 डिसेंबर 2005च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, जंगलात राहून त्यावर जगल्याचं दाखवावं लागतं. म्हणजे 1930च्या मागचं. आधार आणि रेशन कार्डानं ते सिद्ध होत नाही, तरी बहुतेक फायलींत तेवढंच असतं. हा मुलूख 1956पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळं जुने कागद मराठीत, कित्येकदा मोडीत सापडतात. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधली सर्व्हेची कागदपत्रं, वनखात्याचे जुने वर्किंग प्लॅन, नकाशे, कुमरीच्या (रान तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीच्या) नोंदी शोधा आणि शिक्क्याची नक्कल घ्या. कन्नड कागदात आडनाव वेगळं लिहिलेलं असतं. ते जोडून दाखवायला वंशावळ लावा.

कागद नसला तरी दावा बुडत नाही. नियमाला किमान दोन पुरावे लागतात, आणि त्यात वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो. मात्र तो दावेदाराचा स्वतःचा नसावा. दावा सगळ्या गावाचा असल्यानं शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्यांचा जबाब घेतलेला बरा.

दुसरा पुरावा रानातच आहे. पाऊस लागायच्या आत, फेब्रुवारी-मार्चमध्ये, जुन्या जाणत्यांना घेऊन हद्द चाला. बायकांना आणि गुराख्यांना सोबत घ्याच. पाणी आणि चारा त्यांना जास्त ठाऊक. देवराई, पाणवठे, चराईची जागा, मधाचे कडे, स्मशान, जुनी जोती, सगळं टिपा. नोंद अशी असावी: “निशाणी 14. जुना गवळीवाडा. जोत्याचे दगड तीन बाजूंना शाबूत, गोठ्याचा उंबरा जागेवर, मागं आंबा.” शेजारी मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश आणि पाटीवर निशाणीचा आकडा धरून काढलेला फोटो. दाट झाडीत मोबाइल जागा चुकवतो, म्हणून दोन-तीन मिनिटं थांबूनच आकडा लिहा. जागेचं नाव लोक म्हणतात तसंच लिहा.

एकच रान दोन गावं वापरत असतील तर दोन्ही समित्यांनी एकत्र बसून लेखी निर्णय करावा. हे टाळलं की भांडण प्रांतांच्या टेबलावर जातं आणि दोन्ही दावे अडकतात. हंगामी चराईला येणाऱ्या गवळ्यांनाही विचारा, आणि ते हजर असतील तेव्हाच.

पाहणीची तारीख वनखातं आणि महसूल दोघांनाही लेखी कळवून पोच घ्या. ते आले नाहीत आणि नंतर वनखात्यानं त्यावरच हरकत काढली, तर पाहणी पुन्हा होते. दुसऱ्यांदाही गैरहजर राहिले तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. पोच नसेल तर हा नियम उपयोगाचा नाही.

मग ग्रामसभेचा ठराव. तो मराठीत झाला असेल तर कन्नड भाषांतर जोडा, मूळ प्रत जपून ठेवा. फाइलला पान क्रमांक घाला आणि उपविभागीय समितीकडं पोच घेऊन द्या. अंतिम निर्णय जिल्हा समितीचा. त्याआधी ग्रामसभेचा किंवा उपविभागीय समितीचा निकाल विरोधात गेला तर 60 दिवसांत वरच्या समितीकडं अर्ज करता येतो. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही, हे कलम 4(5) घरोघरी सांगून ठेवा. स्थलांतराच्या कागदावर कुणी घाईनं सही मागितली तर आधी ग्रामसभेत वाचून घ्या.

हक्क मिळाला की राखणदारी सुरू. कॅनडाच्या उत्तरेत, ग्रेट स्लेव्ह सरोवराकाठी, लुत्सेल के देने लोकांनी 2019मध्ये सरकारशी करार करून थायदेने नेने हा सुमारे 26 हजार चौरस किलोमीटरचा मुलूख एकत्र सांभाळायला घेतला. तिथं त्यांच्याच माणसांची गस्त फिरते. आपल्याकडं नियम 4(1)(ई)प्रमाणे ग्रामसभेची समिती हेच काम करू शकते. चराई कुठं बंद, भिंडं (कोकमाची फळं) आणि मध कधी काढायचं, जाळरेषा (वणवा अडवायची साफ पट्टी) कोण काढणार, हे आराखड्यात लिहा. गस्तीच्या वहीत तारीख, जागा, काय दिसलं आणि कोण होतं एवढे चार रकाने पुरेत. महिन्याच्या पानांची झेरॉक्स वनखात्याला देऊन त्याचीही पोच घ्या.