जुनी फोर-बाय-फोर नव्यानं उभी करताय? आधी चासी ठोकून बघा

जुनी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी गाडी, बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडतो. इंजिन एका सेल्फमध्ये उठलं की त्याचा अर्धा होकार झालेला असतो. तुम्ही बॉनेट बंदच राहू द्या आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरा. इंजिन बिघडलेलं निघालं तर उतरवता येतं, दुसरं बसवता येतं. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, सडलेली निघाली तर तुम्ही भंगार विकत घेतलंय.

एवढ्या पोटतिडकीनं सांगतोय, कारण माझं बजेट इथेच संपलं. खालून चकचकीत काळा अंडरकोट मारलेली गाडी होती. त्या थराखाली मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ, म्हणजे पाटे चासीला जिथे टांगलेले असतात तिथे, लोखंड म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. अजूनही विकायला काढलेल्या गाडीला ताजा अंडरकोट दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.

बहुतेक चासींच्या लांब दांड्या आतून पोकळ असतात. चिखल भोकांतून आत जातो, निचऱ्याची भोकं त्याच चिखलानं बुजतात आणि ओल आतच मुरते. म्हणजे गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतलं पोखरून झालेलं असतं. वरून काळा थर मारला की फोडही झाकला जातो. म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. छोटी हातोडी घ्या आणि वीत-वीत अंतरावर हलकेच ठोकत जा. धड लोखंड खणखणतं. सडलेलं बद्द वाजतं, आणि कान लावलात तर आतल्या खपल्या गळताना ऐकू येतात. बद्द वाजेल तिथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. पाट्यांचे हँगर, बॉडी जिथे चासीवर बसते ते माउंट, स्टिअरिंग बॉक्सची जागा आणि अगदी मागची आडवी दांडी, या जागा दोनदा ठोका. जुनी पट्टी वेल्ड केलेली दिसली तर तिच्या कडेचं लोखंड आधी तपासा. मालक हातोडी लावू देत नसेल, तर नमस्कार करा आणि निघा.

ॲल्युमिनियमच्या बॉडीला भुलू नका. 1948 साली आलेल्या पहिल्या लँड रोव्हरचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता, पण खाली चासी पोलादीच होती. त्या घराण्याच्या जुन्या गाड्या वरून ठणठणीत आणि खालून पोखरलेल्या असू शकतात.

पण थोडा गंज निघाला म्हणून हाय खाऊ नका. जुन्या गाडीला तो असतोच आणि तो काढता येतो. धड लोखंड लागेपर्यंत कापायचं, तेवढ्याच जाडीची प्लेट सलग वेल्ड करून घ्यायची, मग आत वॅक्स मारून निचऱ्याची भोकं मोकळी ठेवायची. गंजावरच पट्टी चिकटवून देणाऱ्या वेल्डरकडे फुकटातसुद्धा जाऊ नका. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि जवळपास काम असेल तर इंधनाची टाकी उतरवून लांब ठेवा. पेट्रोलची टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, आतली वाफच पेट घेते. आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीही शिरायचं नाही. स्टँड लावा. यात तडजोड नाही.

पैसे कुठे घालायचे? ब्रेक, स्टिअरिंग, रेडिएटर, याच क्रमानं. मोठे टायर आणि गाडी उंच करणारं लिफ्ट किट आधी घेणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. मोठ्या टायरनं गिअरिंग जड होतं, बेअरिंगवर ताण येतो आणि आधीच दमलेले ब्रेक आणखी कमी पडतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे ते कधी बदललं होतं हे कोणी सांगू शकत नसेल तर सरळ बदलून टाका.

डिफरन्शियलचं (ॲक्सलच्या मधल्या, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं) ऑइल काढण्याआधी ऑइल भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघा. तो अडकला आणि खालून ऑइल सांडून गेलं, तर गाडी जागची हलणार नाही. निघालेलं ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर, म्हणजे ॲक्सलची हवा आत-बाहेर जायची नळी, चोंदलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. नवी सील टाकण्याआधी तो ब्रीदर साफ करा, खर्च काहीच नाही.

मिस्त्री निवडताना माझी कसोटी एकच आहे: तो तुम्हाला शेजारी उभं राहू देतो का? 'गाडी ठेवून जा, फोन करतो' म्हणणारा कितीही हुशार असो, त्याच्याकडून तुम्ही काही शिकणार नाही, आणि शिकल्याशिवाय कमी पैशात ही गाडी सांभाळता येत नाही. व्हिडिओ जरूर बघा, पण गंजलेला बोल्ट तुटायच्या आधी हाताला कसा लागतो ते व्हिडिओत कळत नाही.

गाडी तयार झाली की पहिली फेरी जवळच मारा. गाडीला सेंटर डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग, नसेल तर कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावू नका. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि सगळा पीळ ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर, येतो. परत आल्यावर चारही हबजवळ (चाकांच्या मधल्या भागाजवळ) जपून हात न्या. एकच जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जास्त आवळलंय. चाकं काढली होती ना? मग 50 ते 100 किलोमीटरनंतर त्यांचे नट पुन्हा आवळून घ्या.