महागड्या क्रॉसओव्हर गाडीची फुटलेली मागची काच कशी बदलावी

मागच्या काचेला सहसा तडा जात नाही, तिचा चुराच होतो. ही काच टफन केलेली असते. बनवताना ती तापवून झटकन थंड करतात, त्यामुळे तिच्या पृष्ठभागावर दाब आणि पोटात ताण कायमचा अडकून राहतो. कुठेही खोल टवका उडाला की तो ताण एका क्षणात मोकळा होतो आणि सगळी काच बारीक तुकड्यांत विखुरते. सर्वांत नाजूक असते ती तिची कड. पुढच्या काचेसारखं रेझिन भरून ती वाचवता येत नाही, आणि टफन झाल्यावर ती कापता किंवा घासताही येत नाही. म्हणून नवी काच तंतोतंत त्याच गाडीची लागते. काही महागड्या मॉडेलमध्ये आवाज कमी व्हावा म्हणून मागेही लॅमिनेटेड काच, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर असलेली दुहेरी काच असते. ती तडकते पण जागेवर राहते, आणि मग तार ओवून चिकटवणी कापावी लागते.

काच शाबूत असेल आणि फक्त डिफॉगरची, म्हणजे तापून काचेवरची वाफ घालवणाऱ्या तारांपैकी एखादी रेष तुटली असेल, तर काच बदलू नका. वीज वाहून नेणाऱ्या चांदीच्या रंगाने रेष जोडता येते. डिफॉगर चालू करून मल्टिमीटरने रेषेवर व्होल्टेज तपासत जा: ते एका टोकाकडून दुसऱ्याकडे हळूहळू उतरायला हवं. जिथे ते एकदम उडी मारतं, तिथे रेष तुटलेली आहे.

बरोबर काच मागवणं

एकाच मॉडेलला मागच्या काचेचे चार-पाच प्रकार असू शकतात, म्हणून नुसतं मॉडेल आणि वर्ष सांगून भागत नाही. चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा आणि नंतर या गोष्टी जुळवा: काचेचा गडद-फिकेपणा, वायपरसाठी भोक आहे की नाही, डिफॉगरच्या जोडण्यांची जागा, काचेतच छापलेल्या रेडिओ अँटेनाच्या रेषा, आतल्या आरशाला चित्र पुरवणाऱ्या कॅमेऱ्याची खिडकी, आणि कडेची रबरी पट्टी काचेसोबत येते की वेगळी घ्यावी लागते. अँटेनाची जोडणी चुकली तर काच छान बसते, रेडिओ मात्र खरखरत राहतो. कारण समजेपर्यंत सगळी ट्रिम, म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्या आणि पॅनेल, परत लावून झालेली असते.

नवी काच घरी आली की लगेच उघडून कड बोटाने नाही, डोळ्यांनी तपासा. कडेवर नखाएवढा टवका दिसला तरी परत करा. ती कधीतरी आपोआप फुटेल, कदाचित बसवल्यानंतर आठवड्याभराने. काच ठेवताना फरशीवर उभी टेकवू नका, घडी घातलेल्या जाड चादरीवर ठेवा.

काम सुरू होईपर्यंत

उघड्या जागेवर जाड प्लास्टिक लावा. चिकटपट्टी रंगावर फार दिवस ठेवू नका, उन्हात तिचा गोंद रंगाला धरतो. मागची काच नसताना गाडी चालवणं टाळा: मागे तयार होणाऱ्या कमी दाबामुळे सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. डिकीही उघडझाप करू नका. लॉकच्या खाचेत काचेचे दाणे गेले असतील, तर जोराने बंद केल्यावर लॉक अडकतं.

साहित्य

काच चिकटवायचं युरेथेन, तेही जास्त ताकदीचं आणि वीज न वाहणारं. काचेत अँटेना असेल किंवा डिकी ॲल्युमिनियमची असेल तर हे दुसरं वैशिष्ट्य सोडून चालत नाही. साध्या युरेथेनमधल्या कार्बनमुळे सिग्नल बिघडतो, आणि ॲल्युमिनियमला गंजण्याचा धोका असतो. डिकीची चौकट प्लास्टिक किंवा कंपोझिटची असेल तर त्यासाठीचा वेगळा प्रायमर (युरेथेन नीट धरावं म्हणून आधी लावायचा थर) लागतो.

किती युरेथेन लागेल याचा हिशोब सोपा आहे. मागच्या काचेचा परीघ साधारण ४ मीटर धरा. ८ मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर उंच त्रिकोणी बीडला (नळीतून कडेभर ओढलेल्या युरेथेनच्या सलग वळीला) जवळपास १९० मिलिलिटर माल लागतो. ३१० मिलिलिटरची एक नळी पुरते, पण दोन आणा. बीड अर्ध्यावर असताना माल संपला तर सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

याशिवाय त्याच कंपनीचा काचेचा प्रायमर आणि पत्र्याचा प्रायमर, अमोनिया नसलेलं काच-क्लीनर, धागे न सोडणारी फडकी, लांब पात्याची सुरी, प्लास्टिकची ट्रिम-पट्टी, टॉर्क्स बिट, दोन सक्शन कप, मास्किंग टेप, मल्टिमीटर, काच कापणार नाही असे हातमोजे, चष्मा. ट्रिमच्या आठ-दहा जादा क्लिपा आधीच घ्या, कारण थोड्या तुटणारच. युरेथेनची नळी दाबायची गनही लागते, ती बॅटरीवरची असेल तर उत्तम. युरेथेन घट्ट असतं, हाताच्या गनने दाब कमी-जास्त होतो आणि बीड जाड-बारीक पडते.

चुरा काढणं

काच अजून चौकटीत लटकत असेल तर बाहेरून टेप किंवा चिकट प्लास्टिक लावा, मग ती आतून बाहेर एकत्र निघते. सैल दाणे हाताने वेचू नका, व्हॅक्यूम क्लीनर वापरा. डिकीच्या खालच्या पॅनेलच्या आत, लॉकजवळ, सीटच्या रुळांत आणि बेल्टच्या गुंडाळीजवळ काच हमखास साचते. पॅनेल काढल्यावर डिकीच्या पोकळीतली पाणी निचऱ्याची भोकंही मोकळी करा. ती बुजली तर आत पाणी साचतं आणि पुढे गंज धरतो.

काच निघून गेली की डिकी हलकी होते, पण तिला उचलून धरणारे गॅसचे दांडे काचेच्या वजनासाठीच बेतलेले असतात. कुलूप सुटताच ती झटकन वर उसळते, तेव्हा एक हात तिच्यावर ठेवा.

बॅटरी, ट्रिम, स्पॉइलर

बॅटरीची ऋण तार काढण्याआधी डिकी उघडी ठेवा. बऱ्याच गाड्यांत लॉक विजेवर चालतं. बॅटरीची तार काढलेली असताना डिकी लॉक झाली तर आतून आणीबाणीची कळ शोधत बसावं लागतं. मागच्या खांबांवरची ट्रिम काढायची वेळ आली तर तिथे पडद्यासारख्या एअरबॅग असू शकतात. बॅटरी काढून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा, मगच हात लावा.

आतल्या ट्रिमची सुरुवात वरच्या पट्टीपासून करा, मग बाजूच्या, शेवटी खालचं मोठं पॅनेल. प्रत्येक पट्टी क्लिपच्या अगदी जवळ धरून सरळ ओढा. तिरकी ओढली की क्लिपचं बूड तुटतं, आणि थंडीत प्लास्टिक आणखी ठिसूळ असतं. बाहेर काचेच्या दोन्ही कडांवर काळ्या चकचकीत पट्ट्या आणि वर स्पॉइलर असतो. स्पॉइलरचे नट बहुधा आतल्या ट्रिममागे किंवा छोट्या रबरी टोप्यांखाली असतात. त्याच्यासोबत तिसऱ्या ब्रेक लाइटचा कनेक्टर आणि काच धुणाऱ्या वॉशरची नळीही सोडवावी लागते. नळीतून पाणी गळेल, तिच्या तोंडाशी फडकं धरा.

वायपरचा दांडा काढण्याआधी तो कुठे थांबतो त्या जागेची खूण करून ठेवा. दातांवर घट्ट बसलेला दांडा हातोडीने ठोकू नका, छोटा पुलर (ओढून काढायचं अवजार) वापरा. मोटरचा दांडा काचेतून जात असेल तर तिथली रबरी रिंग नवीन घाला, जुनी परत बसवली की बहुतेक वेळा तिथूनच गळतं.

जुनं युरेथेन आणि पत्र्याची कड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. काच नीट टिकते की दोन पावसाळ्यांत सुटते, हे इथेच ठरतं.

जुनं युरेथेन खरवडून पूर्ण काढायचं नाही. धारदार सुरीने ते सपाट कापत १ ते २ मिलिमीटर जाडीचा सलग थर मागे ठेवायचा. ताजं युरेथेन ताज्या कापलेल्या जुन्या युरेथेनला अतिशय छान धरतं, उघड्या रंगापेक्षाही चांगलं. मात्र जुना थर नखाने उचलला जातोय असं वाटलं तर तेवढा भाग काढून टाका. कापल्यानंतर त्या पृष्ठभागावर हात, तेल, सिलिकॉनयुक्त पॉलिश काहीही लागू देऊ नका, आणि त्याच दिवशी काच बसवा.

सुरी घसरून रंगावर ओरखडा पडला आणि पत्रा दिसू लागला, तर तिथे पत्र्याचा प्रायमर पातळ थरात लावा आणि डब्यावर लिहिलेला वेळ वाळू द्या. प्रायमर जुन्या युरेथेनवर फासू नका, कंपनीने तसं सांगितलं नसेल तर. गंज दिसला तर काम तिथेच थांबवा. चमकता पत्रा लागेपर्यंत घासा, इपॉक्सी प्रायमर लावा, पूर्ण वाळू द्या. गंजावर लावलेलं युरेथेन गंजाला धरतं, पत्र्याला नाही, आणि गंजाचा पापुद्रा सुटला की बीडही सोबत सुटते.

कोरडी मांडणी

डिकी बंद करून काच युरेथेनशिवाय एकदा ठेवून बघा. खालचे टेकू, स्पेसर किंवा पिना जागेवर आहेत का, वायपरचं भोक मोटरच्या दांड्यासमोर येतं का, दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का. काच पत्र्याला कुठेही टेकता कामा नये. टेकली तर गाडी वळताना चौकट किंचित पिळवटते आणि तो दाब थेट कडेवर येतो. जागा पटली की काच आणि डिकी दोन्हींवर जाणारे टेपचे चार तुकडे लावा आणि फटीवर ब्लेडने कापा. बसवताना टेपची टोकं जुळवली की काच बरोबर जागी येते.

काच तयार करणं

काचेच्या कडेची काळी पट्टी शोभेची नाही. ती युरेथेनला उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवते आणि चिकटायला जागा देते. तिच्यावर क्लीनर मारून पुसा. नंतर त्यावर पाणी थेंब-थेंब गोळा होतंय का बघा. तसं झालं तर कारखान्यातला तेलकट थर शिल्लक आहे, मऊ स्क्रबरने पुन्हा घासा. स्वच्छ पट्टीवर पाणी पसरतं. मग काचेचा प्रायमर एकाच दिशेने, एकाच थरात लावत जा. मागे फिरून दुसरा थर मारू नका. वापरलेला बोळा बाटलीत पुन्हा बुडवलात तर अख्खी बाटली खराब होते.

मल्टिमीटर काढलाच आहे तर डिफॉगरच्या दोन टोकांमधला रोध आत्ताच मोजा. तो साधारण १ ओहमच्या आसपास असतो. काच सदोष असेल तर परत करायची ही शेवटची संधी आहे.

बीड आणि काच बसवणं

नोझलला व्ही आकाराची खाच पाडा. गन पृष्ठभागाला काटकोनात धरून एका दमात, न थांबता बीड ओढा. सुरुवात आणि शेवट सरळ कडेच्या मध्यावर घ्या, कोपऱ्यात नको. जोड थोडा एकमेकांवर चढवून पट्टीने दाबा. हवेचा बुडबुडा राहिला तर पुढे तिथूनच पाणी शिरतं. बीडवर साय धरायला मिनिटंच लागतात, उष्ण आणि दमट हवेत त्याहूनही कमी, म्हणून सगळी माणसं आणि सक्शन कप बीड सुरू करण्याआधीच तयार ठेवा.

दोघांनी काच उचला. आधी खालची कड टेकूंवर, मग टेपच्या खुणा जुळवत वरची कड हलकेच टेकवा. तळहाताने सगळीकडे सारखा दाब द्या. मूठ मारू नका आणि काच सरकवत बसू नका, कारण सरकवली की बीड पसरून एका बाजूला रिकामी होते. वरून खाली टेप लावून धरून ठेवा. बाहेर आलेलं ओलं युरेथेन अल्कोहोलने पुसू नका, अल्कोहोल त्याचं घट्ट होणं रोखतं. कोरड्या फडक्याने तेवढंच टिपा, उरलेलं वाळल्यावर ब्लेडने कापा. फटीत सिलिकॉन सीलंट तर कधीच भरू नका, त्यावर पुढे युरेथेन धरत नाही.

जोडण्या आणि वाळण्याचा वेळ

डिफॉगरच्या दोन जाड तारा, अँटेनाच्या बारीक जोडण्या आणि अँटेनाच्या ॲम्प्लिफायरचा अर्थिंगचा स्क्रू आतून लावा. ट्रिम परत लावण्याआधी बॅटरी जोडून रेडिओ, ब्रेक लाइट आणि वायपर तपासा. डिफॉगर एका क्षणासाठी चालू करून जोडणीवर व्होल्टेज येतंय का बघा आणि लगेच बंद करा, तो वापरायचा दुसऱ्या दिवशी.

एक-घटकी युरेथेन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत घट्ट होतं, २४ तासांत साधारण ३ ते ४ मिलिमीटर. गरम कोरडी हवा मारून घाई होत नाही. गाडी कधी हलवायची हा वेळ नळीवर लिहिलेला असतो: काहींना एक तास, काहींना बरेच तास. पहिले २४ तास एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. बंद गाडीत दार आपटलं की आतली हवा ताजी काच बाहेर ढकलते. विजेवरची डिकी या काळात बटनाने चालवू नका. नंतर बंद-उघड मर्यादा तिला पुन्हा शिकवावी लागू शकते, आणि काचेमागे कॅमेरा असेल तर त्याची दिशाही तपासावी लागते.

पाण्याची चाचणी

पूर्ण वाळल्यावर साध्या नळीने, कमी दाबाने, खालच्या कडेपासून सुरुवात करून हळूहळू वर पाणी सोडा. आत एक जण टॉर्च घेऊन बसू द्या. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत खाली येतं आणि गळती नेमकी कुठे आहे ते कळत नाही. प्रेशर वॉशर निदान काही दिवस लांब ठेवा. गळती सापडली तर ती जागा पूर्ण सुकवा, आतून प्रायमर लावा आणि युरेथेन दाबून भरा. ते वाळलं की त्याच जागी पुन्हा पाणी मारून बघा. ट्रिमचं शेवटचं पॅनेल ही चाचणी पार झाल्यावरच ठोकून बसवा, आणि काचेवर सनफिल्म लावायची असेल तर तीही त्यानंतरच.