जोडून देण्याचं काम: उद्योजकता केंद्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

रुजू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत मी अकरा कार्यक्रम घेतले. सभागृह भरायचं, वक्ते नावाजलेले असायचे, अहवालात उपस्थितीचा आकडा भरघोस दिसायचा. मग एका संध्याकाळी उपस्थितांची यादी घेऊन बसले आणि एकेकाला फोन लावला. एकच विचारायचं ठरवलं होतं: आमच्याकडे येऊन गेल्यावर तुमच्या धंद्यात काय बदललं? कार्यक्रम छान झाला, असं जवळजवळ सगळेच म्हणाले. बदल सांगू शकले ते फक्त दोघं. एकाला पुरवठादार मिळाला होता, दुसऱ्याला पहिलं गिऱ्हाईक, आणि दोघांनाही ते मिळालं शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाकडून. भाषण काय होतं ते दोघांनाही आठवत नव्हतं.

त्या संध्याकाळनंतर मी कामाची पद्धत बदलली. तुमच्या नेमणूकपत्रावर प्रोग्रॅम मॅनेजर लिहिलेलं असो, इन्क्युबेशन असोसिएट असो किंवा क्लस्टर समन्वयक. एखाद्या भागातल्या उद्योजकांना मदत करायची म्हणजे मुख्यतः योग्य माणसाला योग्य माणसाशी योग्य वेळी जोडून द्यायचं, आणि जोडून दिल्यावर पुढे काय झालं याचा पाठपुरावा करायचा. बाकी सगळं याच्या आधाराला असतं.

एक प्रसंग सविस्तर सांगते. एक तरुण अभियंता बुटांच्या खोक्याएवढी पेटी घेऊन आला. पंपाची थरथर मोजून बेअरिंग बिघडायच्या आधी इशारा देणारं यंत्र त्यात होतं. वायरी बाहेर लोंबत होत्या, झाकण चिकटपट्टीने बसवलेलं. मी त्याला चाळीस मिनिटं स्पर्धेचे अर्ज, निधीच्या योजना, सादरीकरण कसं करावं हे समजावून सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. निघताना दारात थांबून म्हणाला, ‘मॅडम, मला फक्त एक रात्र कुणाचा तरी चालू पंप हवाय.’

हे वाक्य मी पहिल्या पाच मिनिटांत काढून घ्यायला हवं होतं. त्याने ते सांगायची वाट पाहिली, कारण बोलायला जागाच मी दिली नव्हती. नंतर मी त्याला एका कारखान्याच्या मालकाकडे पाठवलं. मालक सौजन्याने बोलले आणि ‘बघू’ म्हणाले. तीन आठवडे काही हाललं नाही. मग त्याच कारखान्याच्या देखभाल विभागाच्या सुपरवायझरना फोन केला. पंप बंद पडला की रात्री दोन वाजता उठून जावं लागतं ते त्यांना. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पंप दिला आणि स्वतः तिथे उभे राहिले. ज्याला दुखतं त्याच्याकडे न्या, हे मी तेव्हापासून प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते.

ऐकून घेण्याबाबत एर्नेस्टो सिरोली यांचं काम जरूर समजून घ्या; गावोगावच्या उद्योजकांना मदत कशी करावी, यावर त्यांनी काम केलं आहे. 1985 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स या छोट्या किनारी गावात त्यांनी ना कार्यालय उघडलं ना कुठली योजना आणली. ते लोकांना भेटत राहिले, आणि ज्याला काही करायचं आहे तो आपणहून बोलला की त्याच्यामागे उभे राहिले. तिथले मच्छीमार टूना मासा डबाबंद करणाऱ्या (कॅनिंगच्या) कारखान्याला अगदी कमी भावात देत होते. तोच मासा सुशीसाठी जपानला कितीतरी जास्त भावाने जाऊ शकतो, ही वाट त्यातूनच सापडली. सिरोलींचा आणखी एक आग्रह मला फार उपयोगी पडला. माल बनवणं, तो विकणं आणि पैशांचा हिशेब ठेवणं ही तिन्ही कामं सारख्याच हौसेने करणारा माणूस सापडत नाही, असं ते म्हणतात. म्हणून नवा उद्योजक समोर बसला की मी मनात तीन खुर्च्या मांडते आणि कुठली रिकामी आहे ते पाहते. ती भरायला माणूस शोधणं, हा पुढच्या महिन्याचा कार्यक्रम.

जागेबद्दल थोडक्यात. इन्क्युबेटर म्हणजे मुळात अंडी उबवायचं यंत्र; आपल्याकडे नव्या उद्योगांना जागा आणि मदत देणाऱ्या केंद्राला तसं म्हणतात. हा शब्द ऐकला की नव्यांच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत येते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हिया गावी 1959 मध्ये जे पहिलं केंद्र मानलं जातं, ते शेतीची यंत्रं बनवणाऱ्या बंद कारखान्याच्या इमारतीत सुरू झालं. एवढी जागा एकट्याने घेणारं कुणी मिळेना, म्हणून इमारतीच्या मालक कुटुंबातल्या जोसेफ मन्कुसो यांनी ती तुकड्यांनी भाड्याने दिली आणि भाडेकरूंना कार्यालयीन सेवा, सल्ला, भांडवल मिळवायला मदत असं सगळं जोडलं. भाडेकरूंमध्ये कोंबड्यांची पिल्लं उबवणारा व्यवसायही होता, त्यावरूनच हे नाव रुळलं असं सांगतात. जागा त्यांच्याकडे आधीपासूनच होती, भाडेकरू टिकले ते बाकीच्या मदतीमुळे.

आता पैशाबद्दल, आणि इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे. नवीन मुलं गुंतवणूकदारांच्या भाषेत पटकन तरबेज होतात, पण खेळत्या भांडवलाचं, म्हणजे रोजचा धंदा चालवायला हाताशी लागणाऱ्या पैशाचं, गणित त्यांचं कच्चं असतं. एका बाईंना मोठी ऑर्डर मिळाली. आम्ही अभिनंदनाचा फलक लावला. प्रत्यक्षात कच्चा माल पहिल्या दिवशी रोखीने घ्यायचा, उत्पादनाला 30 दिवस, पोचवल्यावर तपासणीला 15 आणि तिथून पुढे 60 दिवसांनी बिल मिळणार. म्हणजे 105 दिवस पैसा अडकणार, आणि त्या काळात पगार तीनदा द्यायचे. त्यांच्याकडे 40 दिवसांपुरते पैसे होते. धंदा नफ्यात असूनही बुडतो तो असा. हे आमच्या लक्षात आलं तेव्हा उशीर होत आला होता. ग्राहकाकडून आगाऊ रक्कम मागणं, माल दोन हप्त्यांत देऊन बिलंही दोन करणं, बँकेकडून बिल डिस्काउंटिंग घेणं (म्हणजे येणाऱ्या बिलावर थोडी रक्कम कापून पैसे आधीच उचलणं), या तिन्ही गोष्टी एका आठवड्यात कराव्या लागल्या. त्या सावरल्या. आता कुणीही ऑर्डरची बातमी आणली की मी आनंद व्यक्त करते आणि लगेच कोऱ्या कागदावर दिवसांची रेघ मारते. ताळेबंद वाचता येणं आणि रोखीची ये-जा आठवड्यागणिक मांडता येणं, एवढं तुम्ही रुजू व्हायच्या आधीच शिकून घ्या. त्यासाठी पदवी लागत नाही.

पेटंटचंही एक ध्यानात ठेवा. अर्ज दाखल करण्याआधी शोध जाहीर केला, तर पुष्कळ देशांत त्याचं नावीन्य संपलं असं धरतात आणि पेटंट मिळत नाही. काही देश ठरावीक मुदतीची सूट देतात, पण तिच्यावर विसंबू नये. आम्ही हौसेने डेमो डे, म्हणजे उद्योजकांनी आपलं काम मंचावरून दाखवायचा दिवस, भरवतो, फोटो टाकतो. मंचावर चढवण्याआधी प्रत्येकाला विचारा, अर्ज दाखल झालाय का? नसेल तर आतलं काम न दाखवता, ते काय करतं एवढंच दाखवू द्या.

सल्लागार, म्हणजे मेंटॉर, यांच्याबाबत मी सुरुवातीला एकास एक अशा जोड्या लावत असे. त्यातली एक वाईट फसली: सल्लागारांनी आपल्या जुन्या धंद्याचा साचा त्या मुलीवर लादला, आणि वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणणं तिला जमलं नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात 2000 मध्ये सुरू झालेल्या मेंटॉरिंग सेवेत सल्लागार गटाने बसतात. आम्ही ते उचललं. तिघं बसले की मतभेद उद्योजकासमोरच होतात, आणि निर्णय आपला आपण घ्यायचा आहे हे त्याला आपोआप कळतं. मी कोपऱ्यात बसून टिपणं काढते. बैठक संपली की त्याच दिवशी तीन ओळी पाठवते: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत.

ओळख करून देण्याची रीत तर अक्षरशः जपावी. आधी दोन्ही बाजूंना वेगवेगळं विचारायचं. समोरच्याने ‘आत्ता नको’ म्हटलं तर रुसायचं नाही, कारणही विचारायचं नाही. होकार आल्यावर एकाच संदेशात चार ओळी: हे कोण, हे कोण, भेटावं असं मला का वाटलं, आणि पहिला फोन कुणी करायचा. शेवटची ओळ राहिली की दोघंही दुसऱ्याची वाट पाहत बसतात. पंधरा दिवसांनी दोघांनाही फोन करायचा. या एका सवयीने माझी वही इतकी भरली, की आज कुणाला साचे बनवणारा हवा असो वा निर्यातीची कागदपत्रं समजणारा, पाच मिनिटांत नाव निघतं.

मर्यादित भागात काम करताना एक अवघड गोष्ट हमखास वाट्याला येते. सगळे एकमेकांना ओळखतात. सकाळी एक जण आपली नवी कल्पना सांगून जातो, दुपारी त्याचा प्रतिस्पर्धी जवळपास तीच घेऊन येतो. मी दोघांनाही एकच सांगते: या विषयात आमच्याकडे आणखी कुणी आहे, कोण ते सांगणार नाही, आणि तुमचंही त्याला कळणार नाही. यावर एक जण नाराज होऊन गेला आणि वर्षभराने परत आला. या कामात विश्वास एकदाच मिळतो, म्हणून कौतुकाच्या ओघातसुद्धा एकाची गोष्ट दुसऱ्याच्या कानावर घालू नका.

आणि फक्त नव्याच्या मागे धावू नका. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या लिटल्टन शहराने 1987 मध्ये, मोठ्या कंपनीतल्या नोकऱ्या गेल्यावर, बाहेरचे कारखाने आणायच्या ऐवजी असलेल्याच उद्योगांना बाजारपेठेची माहिती पुरवायचं ठरवलं. ‘इकॉनॉमिक गार्डनिंग’ हे नाव त्यातूनच रूढ झालं. वीस वर्षं एकच सुटा भाग बनवणारा कारखानदार दुसरा भाग करून बघतो, तेही नावीन्यच असतं. तो आपल्या केंद्राची पायरी चढत नाही, त्याला स्पर्धेचे अर्ज भरता येत नाहीत. आठवड्यातला एक दिवस मी शॉप फ्लोअरवर, म्हणजे कारखान्यात यंत्रं चालतात तिथे, फिरण्यासाठी राखून ठेवते, केवळ अशांसाठी.

त्या सुपरवायझरचा मध्यंतरी फोन आला होता. पेटीला आता नीट झाकण आहे, आणि त्यांच्या कारखान्यात तशा नऊ बसल्या आहेत. फोनचं कारण मात्र वेगळंच होतं. त्यांच्या हाताखालच्या मुलाला गळती शोधायची काहीतरी युक्ती सुचली आहे, तो भेटायला येऊ का विचारत होता. मी म्हटलं, त्याने नको, मीच येते. तो जिथे काम करतो तिथेच त्याचं ऐकायचं आहे.