गच्चीवर खडूने काढा एकक वर्तुळ

रविवारी पोहे-जिलेबी आटोपली की आमच्या इंदूरच्या घरी भाचरं गणिताची वही घेऊन येतात. त्रिकोणमितीचा तक्ता सगळ्यांचा पाठ. ‘साइन तीस म्हणजे अर्धा’ हे झोपेतही सांगतील. पण अर्धा कशाचा, असं विचारलं की एकमेकांची तोंडं बघतात. माझ्याकडे यावर एकच इलाज आहे: तक्ता मिटायचा आणि गच्चीवर जायचं. उन्हं चढायच्या आत मात्र.

खडू, मोजायची टेप आणि दोरी एवढं पुरतं. पायजम्याची नाडी नको, ती ताणली की लांबते आणि मग सगळीच मापं चुकतात.

आधी फरशीवर एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या एक आडवी, एक उभी अशा दोन रेघा मारा. दोरीचं एक टोक छेदबिंदूवर कुणाला तरी अंगठ्याने दाबून धरायला सांगा, बरोबर १ मीटरवर खडू बांधा आणि वर्तुळ फिरवा. त्रिज्या एक, म्हणून हे एकक वर्तुळ. आडवी रेघ उजवीकडे जिथे वर्तुळाला मिळते तिथे शून्य लिहा. कोन तिथून मोजायचे, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने.

आता दोरीचा १ मीटरचा तुकडा कापून घ्या. शून्यापासून वर्तुळावर पोचेल असा तो सरळ ताणून धरा. केंद्राशी ६० अंशांचा कोन झाला. असं सहा वेळा केलं की तुम्ही बरोबर शून्यावर परत येता. मग तोच तुकडा ताणून न धरता वर्तुळाच्या कडेवर वळवून ठेवा. तो ६० अंशांच्या थोडा अलीकडेच संपतो, सुमारे ५७.३ अंशांवर. हाच एक रेडियन. कडेने सहा तुकडे लावले तरी जवळजवळ २८ सेंटिमीटर उरतात, कारण परीघ ६.२८ मीटर, म्हणजे दोन पाय (२π; पाय म्हणजे सुमारे ३.१४). पूर्ण फेरा ३६० अंश किंवा दोन पाय रेडियन. १८० अंश म्हणजे पाय. बाकीची रूपांतरं यातूनच निघतात.

मुख्य काम पुढे आहे. शून्य आणि ६० यांना जोडणाऱ्या सरळ दोरीच्या मध्यावर खूण करा. केंद्रातून त्या खुणेवरून जाणारी रेघ वर्तुळाला ३० अंशांवर मिळते. त्या बिंदूपासून आडव्या रेघेपर्यंत सरळ खाली टेप लावा: ५० सेंटिमीटर. ही उंची म्हणजे साइन. केंद्रापासून त्या उंचीच्या पायथ्यापर्यंत ८६.६, तो कोसाइन. तुमचं ४९ किंवा ५१ आलं तर खडूच्या जाडीला दोष द्या.

पण ५०च का? आडव्या रेघेच्या खाली ३० अंशांवरही तसाच बिंदू घ्या. दोन्ही बिंदूंमधला कोन ६० अंशांचा, म्हणून त्यांच्यामधली सरळ दोरी पुन्हा १ मीटर. तिचा अर्धा भाग वर आणि अर्धा खाली. ‘अर्धा कशाचा’ याचं उत्तर हेच. वर्तुळाचा तुकडा धनुष्य मानला तर ही दोरी त्याची ज्या, म्हणजे प्रत्यंचा. आर्यभटाने इ.स. ४९९च्या सुमारास अशाच अर्ध्या ज्यांची कोष्टकं दिली. त्याने त्रिज्या ३४३८ घेतली होती; एका अंशाच्या ६० कला, म्हणून ५७.३ला ६०ने गुणून बघा, कुठून आली ते कळेल.

९०च्या पुढचं सोपं आहे. १५० अंशांवर उंची तीच, ५०, पण पायथा केंद्राच्या डावीकडे, म्हणून कोसाइन उणे. आडव्या रेघेखाली गेलात की साइन उणे. चिन्हं पाठ करायची गरजच नाही.

कॅल्क्युलेटरवर मात्र एकदा नजर टाका. भाचीने साइन ३० दाबलं आणि उत्तर आलं उणे ०.९८८, यंत्र रेडियनवर होतं.

साइनला कोसाइनने भागलं की टॅन. तो बघायला २१ मार्चच्या आसपास, सूर्य विषुववृत्तावर असतो तेव्हा, दुपारी साडेबारानंतर १ मीटरची काठी सरळ उभी करा आणि सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा मोजा. इंदुरात ती साधारण ४२ सेंटिमीटर भरते. ०.४२ हा २२.७ अंशांचा टॅन आणि २२.७ हा आपल्या गावाचा अक्षांश. उज्जैनला कुणी नातेवाईक असतील तर त्यांनाही त्याच दिवशी काठी उभी करायला सांगा. त्यांची सावली सेंटिमीटरभर लांब येईल.