गालिच्यावरचे सोफ्याचे खळगे

गणपतीच्या आराशीला जागा करायला सोफा सरकवला की गालिच्यावर त्याच्या पायांचे खळगे उघडे पडतात. तिथले तंतू सहसा तुटलेले नसतात, वजनाने चेपलेले असतात.

आधी बर्फाचा उपाय करून बघा. खळग्यात मावतील तेवढे खडे ठेवा आणि वितळू द्या. मग सुती फडक्याने पाणी टिपून घ्या, चोळू नका. तंतू ओलसर असतानाच चमच्याच्या कडेने किंवा बोटांनी वर उचला. खळगा उथळ असेल तर एवढ्यावर काम भागतं.

जुना, खोल खळगा असेल तर वाफ द्यावी लागते. ओला करून पिळलेला पंचा वर पसरा आणि त्यावरून इस्त्री काही सेकंदच फिरवा. हे लोकर आणि नायलॉनला चालतं. स्वस्तातले बरेच गालिचे पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या धाग्याचे असतात. ते साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि सुती कपड्यांसाठी लावलेली इस्त्री त्याहून जास्त तापते. म्हणून मागचं लेबल वाचल्याशिवाय इस्त्रीला हात लावू नका. व्हिस्कोस या रेशमासारख्या चमकणाऱ्या धाग्याला तर पाणीसुद्धा मानवत नाही, म्हणजे बर्फही नको.

बेळगाव-खानापूरकडे भाद्रपदातही हवा दमटच, त्यामुळे खरी कसोटी वाळवण्याची. गालिच्याची कड उचलून खाली पाट सरकवा आणि पंखा चालू ठेवा, नाहीतर खळगा जाईल पण कुबट वास बसेल. सोफा परत ठेवताना चार बोटं बाजूला ठेवा.