गिटारचे नॉब बदलताय? या चुका टाळा

इलेक्ट्रिक गिटारचा नॉब दिसतो साधा, पण चुकीचा नॉब जोर लावून बसवला की खालचा पॉट, म्हणजे आवाज किंवा टोन कमी-जास्त करणारा फिरता भाग, जातो. मग पन्नास-शंभर रुपयांच्या प्लास्टिकपायी सोल्डरिंगचं काम निघतं. नवा नॉब शाफ्टवर, म्हणजे पॉटच्या वर आलेल्या दांड्यावर, जात नसेल, तर दहापैकी नऊ वेळा तो त्या शाफ्टचा नसतोच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शाफ्ट न बघता नॉब मागवणं. जुना नॉब काढून आधी शाफ्ट नीट पाहा. टेलिकास्टर मॉडेलच्या गिटारवर बहुधा गुळगुळीत, भरीव शाफ्ट असतो आणि त्याचा नॉब बाजूच्या छोट्या स्क्रूने आवळतात. स्ट्रॅटोकास्टर आणि लेस पॉल या मॉडेल्सवर सहसा मधोमध चिरलेला, दातेरी शाफ्ट असतो. त्यावर नॉब नुसता दाबून बसवायचा. भरीव शाफ्टची जाडी व्हर्निअर कॅलिपरने मोजा: अमेरिकन मापाचा 6.35 मिमी, मेट्रिक 6 मिमी. 6.35 चा नॉब 6 वर घातला तर स्क्रू त्याला एका बाजूला रेटतो आणि फिरवताना नॉब लंगडत फिरतो. अशा वेळी शाफ्टवर चढवायची पितळी स्लीव्ह (बारीक नळी) मिळते, ती घाला.

दातेरी शाफ्टच्या बाबतीत मात्र कॅलिपर फारसा कामाचा नाही, कारण अमेरिकन आणि मेट्रिक दोन्ही प्रकारांची जाडी जवळपास सारखीच असते. तिथे दाते मोजावे लागतात. सीटीएस या अमेरिकन कंपनीच्या पॉटवर 24 बारीक दाते असतात, तर इंडोनेशिया किंवा चीनमध्ये बनलेल्या गिटारींच्या पॉटवर बहुधा 18 जाडसर. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या स्वस्त-मध्यम गिटारी बऱ्याचदा या दुसऱ्या गटातल्या, आणि 'ओरिजिनल' म्हणून हौसेने मागवलेले नॉब पहिल्या गटातले. घोळ इथेच होतो. मोबाइलने शाफ्टच्या टोकाचा जवळून फोटो काढा आणि मोठा करून मोजा. चिरेमुळे एखादा दाता कमी भरेल, पण 18 की 24 हे लगेच कळतं.

नॉब थोडाच घट्ट असेल तर चिरेचे दोन्ही भाग बोटांनी किंचित जवळ दाबा. ढिला असेल तर चिरेत बारीक चपटा स्क्रूड्रायव्हर घालून केसभर फाकवा. केसभरच. हा धातू फार वाकत नाही आणि एक अर्धा भाग तुटला की पॉट बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

ठोकायचं तर मुळीच नाही. पॉट पिकगार्डला (बॉडीवरच्या पातळ पट्टीला) किंवा बॉडीला टांगलेला असतो, मागे आधार नसतो. वरून दिलेला सगळा दाब पॉटच्या मागच्या पत्र्यावर जातो आणि त्याच्या कडा उघडतात. दाबावंच लागलं, तर मागचं कव्हर किंवा पिकगार्ड उघडून पॉटला मागून आधार द्या, मगच दाबा.

चिरलेल्या शाफ्टवर स्क्रूचा नॉब लावू नका, स्क्रू आवळताच चीर मिटते आणि नॉब कधीच घट्ट राहत नाही.

जुना नॉब उचकटताना स्क्रूड्रायव्हर थेट बॉडीवर टेकवला की पॉलिशला खळगा पडलाच म्हणून समजा. नॉबखाली मऊ कापडाची पट्टी सरकवा, दोन्ही टोकं धरून सरळ वर ओढा.

आकडे असलेल्या नॉबचं आणखी एक: आधी शाफ्ट घड्याळाच्या दिशेने शेवटपर्यंत फिरवा, मग 10 चा आकडा हवा तिथे धरून नॉब बसवा. आणि खालपर्यंत रेटू नका, पिकगार्डला घासणारा नॉब जड फिरतो. व्हिजिटिंग कार्ड सहज सरकेल एवढी फट ठेवा.

नॉब बसवल्यावर आवाजच बंद झाला, तर नॉबला दोष देऊ नका. पॉट जागेवर धरून ठेवणारा नट सैल असेल तर ओढाताणीत अख्खा पॉट गोल फिरतो, वायर तुटते किंवा उघडी वायर पॉटच्या पत्र्याला टेकते. कव्हर उघडून वायर तपासा, पॉट हाताने घट्ट धरा आणि मगच नट आवळा.